ऐनाच्या झाडावरचा नंबर

सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आपल्या आजोबांच्या काळची. आता तेवढं थांबावं लागत नाही. आता पंधरा दिवसांत मोबाईलवर एक ओळ येते आणि सगळं संपतं. तुम्हालाही अशी ओळ कधीतरी आली असेलच. तुम्ही कपाळावर हात मारला असेल, मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असतील आणि पुन्हा पहिल्यापासून फॉर्म भरायला बसला असाल. अशाच एका ओळीची ही गोष्ट आहे. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. तो चढायलाच हवा.

पोशीरला मालोजी कराळे यांच्या घरी त्या रविवारी मोठा आनंद होता. मालोजी निवृत्त पोस्टमन. त्यांची लेक सुरभी शेलूला नव्या इमारतीत राहायची आणि नवी मुंबईच्या एका कंपनीत संकेतस्थळं तयार करायची. लोकांना घरबसल्या दाखले मिळावेत म्हणून सरकारच्या एका विभागाने ‘दाखलामित्र’ नावाचं संकेतस्थळ काढलं होतं. त्याचे फॉर्म, त्यातले प्रश्न, त्यातले नियम, सगळं सुरभीच्या हातचं. आदल्याच दिवशी विभागाने तिचा सत्कार केला होता. ‘दलालमुक्त सेवेसाठी’ असं कोरलेलं काचेचं सन्मानचिन्ह मालोजींनी टीव्हीशेजारी ठेवलं होतं आणि सकाळपासून तीनदा पुसलं होतं.

“तू नेमकं केलंस काय गं?” त्यांनी विचारलं.

“स्टेशनबाहेर दलाल बसतात ना बाबा, लोकांचे फॉर्म भरून देणारे? ते आपल्याच नंबरावरून शंभर-शंभर अर्ज टाकतात. मी नियम घातला. एका मोबाईल नंबरावरून फक्त पाच अर्ज. सहावा आला की तो संशयित! पंधरा दिवसांनी आपोआप बंद. आणि त्या माणसाला पुढे नव्वद दिवस पुन्हा अर्ज करता येत नाही. चार महिन्यांत अकरा हजार अर्ज पकडले आम्ही.”

“वा! चांगली खोड मोडलीस त्यांची,” मालोजी म्हणाले.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. “मालोजीदादा, हाय का घरात?”

वर डोंगरात ठाकर आदिवासींची ऐनवाडी आहे, तिथला जैतू आला होता. मालोजींनी त्या वाडीवर आयुष्यभर टपाल वाहिलं, त्यामुळे ओळख जुनी. जैतूच्या हातात फडक्यात बांधलेली रानातली कंटोली होती आणि मागे त्याची लेक सुनिता उभी होती. दोघांचेही पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले होते.

“दादा, तुमची सुरभीबाय कंपूटरचं काम करतं ना? पोरीचं जरा बघाया सांगा.”

सुनिता बारावी झाली होती. नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. वाडीतून नर्सिंगला निघालेली ती पहिलीच मुलगी. ऐनवाडीतली बाई बाळंतपणात अडली तर आजही तिला झोळीत घालून पोशीरपर्यंत खाली आणावं लागतं, म्हणून या पोरीकडे साऱ्या वाडीचे डोळे लागले होते. फक्त एक कागद कमी होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत जमातीचा दाखला दाखवायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. दाखल्याचा अर्ज तिने पंधरा दिवसांपूर्वीच केला होता आणि काल ही ओळ आली होती. सुनिताने एका कागदावर लिहून आणलेली ती ओळ वाचून दाखवली.

“‘आपला अर्ज बंद करण्यात आला आहे. कारण : संशयास्पद मोबाईल क्रमांक.’ ताई, म्हणजे मी काय केलं?”

सुरभीने ती ओळ ओळखली. ओळखणारच! तिनेच लिहिली होती.

“कुठल्यातरी एजंटकडून भरला असशील,” ती म्हणाली.

“नाय ताई. मी सोता भरला. झाडाखाली बसून.”

“मग नंबर कुणाचा दिलास?”

“वाडीचा.”

“वाडीचा म्हणजे?”

“वाडीचा म्हणजे वाडीचा,” जैतू म्हणाला. “फोन गोमाचा हाय. पन रेंज फकस्त ऐनाच्या झाडाजवळ येतं. म्हनून तो झाडालाच टांगलेला असतं. सगळ्या वाडीला तोच नंबर.”

सुरभीला हसू आलं, आणि हे सांगायला मला लाज वाटते, पण ती खरोखर हसली. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, “असं कसं चालेल हो जैतूदादा? प्रत्येकाचा स्वतःचा नंबर हवा. आता नव्वद दिवस काही करता येणार नाही. नियम आहे, आणि नियम सगळ्यांना सारखा असतो.”

जैतूने कंटोलीचं फडकं ओट्यावर ठेवलं आणि पोरीला म्हणाला, “चल गं. नाय म्हनतान त्या.”

मालोजी उठून उभे राहिले. आयुष्यभर मऊ बोललेला तो माणूस, पण त्या वेळी त्यांचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला.

“थांब रं जैतू! सुरभे, चप्पल घाल. झाड बघायला चल.”

“बाबा, बघून काय होणार? नियम...”

“नियम तू केलास ना? मग ज्याच्यावर केलास तो बघ तरी! एवढा मोठा सत्कार घेतलास आन् ऐनवाडी पाह्यली नायस कधी. घरापासून दीड तासावर हाय!”

वाटेत ती दोनदा घसरली. डोंगराच्या सोंडेवर ते झाड होतं, एकटंच, सुसरीसारख्या सालीचं. खालच्या फांदीला दोरीने एक तेलाचा प्लास्टिकचा कॅन टांगलेला होता, एका बाजूने कापलेला. आत फोन, आणि शेजारी गोमाने बांधलेली सौर दिव्याची पाटी, चार्जिंगसाठी.

“हितं माझा पत्र्याचा डबा होता,” मालोजी म्हणाले. “तीस-पस्तीस वर्सं! चाळीस घरांचं टपाल मी एका डब्यात टाकलं. जो वाटेनं जाईल तो ज्याचं त्याला पोचवायचा. मनीऑर्डरचा कागद, कोर्टाचा कागद, पोरांचे निकाल. एकसुदिक कागद हरवला नाय कंदी. पोस्टानं कंदी इचारलं नाय, एका डब्यात चाळीस घरं कशी, तुमी चोर हाय का म्हनून! पुढं फोन आला. पत्र्याच्या डब्यात रेंज अडायला लागली, तवा यांनी प्लास्टिकचा कॅन लावला. तेवढाच बदल केला. ही मानसं तीच हायेत. बदललं ते सरकारचं पोस्ट, आन् ते तू केलंस!”

झाडाच्या बुंध्याला पिशवीत एक वही अडकवलेली होती. सुरभीने ती उघडली. प्रत्येक ओळीच्या आधी एक चित्र होतं : खेकडा, विळा, मोहोळ, कोंबडा. वाडीत लिहिता-वाचता येणारे थोडेच, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. खेकडा जनाआजीच्या घराचा, मोहोळ गोमाचं, विळा जैतूचा. येणारा-जाणारा फोन बघतो, कुणासाठी काय आलंय ते नाव ओळखून खुणेसमोर टिंब ठेवतो आणि घराकडे तोंड करून हाळी देतो. मग ज्याचं आहे तो येतो. सुरभीच्या कंपनीत एवढी सुबक नोंद कुणी ठेवत नव्हतं.

वहीच्या मधल्या पानावर सुनिताच्या अक्षरात ‘दाखले’ असं लिहिलं होतं. खाली चोवीस खुणा. पहिल्या पाचांसमोर ‘आला’. पुढच्या एकोणिसांसमोर ‘बंद’. विळा चोविसावा होता, अगदी तळाला.

“हे सगळे फॉर्म तू भरलेस?”

“हो ताई. बाकीच्यांना जमत नाय ना. स्टेशनबाहेर जायचं म्हटलं तर मजुरी बुडतं.”

“मग तुझा शेवटी का? तुला तर घाई होती!”

सुनिता गोंधळली. असं कुणी विचारेल हे तिला सुचलंच नव्हतं. उत्तर जैतूने दिलं.

“लावनीला समदी वाडी एकेकाच्या शेतात उतरतं, बाय. जो हाळी देईल त्याचं शेत शेवटी लावायचं. नायतर आपलं उरकून घेऊन तो घरी बसंल. फॉर्माची हाळी हिनं दिली, म्हनून हिचा शेवटी.”

सुरभी वही घेऊन खाली बसली. आता तिला सगळं दिसलं! या पोरीने आपला अर्ज आधी भरला असता तर आज दाखला तिच्या हातात असता. शेजाऱ्यांना विसरली असती, स्वार्थ साधला असता, तर सरकारने तिला इमानदार ठरवलं असतं. तिने चोवीस घरांचं काम एक पैसा न घेता केलं आणि स्वतःला शेवटी ठेवलं. त्या चांगुलपणालाच संगणकाने दलाल म्हटलं! आणि संगणकाला तसं म्हणायला शिकवणारी बाई इथे चिखलात बसली होती.

“बाबा, मी चुकले,” ती म्हणाली.

“मला काय सांगतंस? तिला सांग. आन् नुसतं सांगू नको, कायतरी कर. शुक्रवारला पाच दिवस हायेत.”

सोमवारी सकाळी सुरभी नेरळला स्टेशनबाहेरच्या एका दलालाकडे गेली. गिऱ्हाईक समजून त्याने खुर्ची दिली. तिने विचारलं, “नवीन नियम आलाय ना, पाच अर्जांचा? मग तुमचं कसं चालतं?” तो मोकळेपणाने हसला आणि खणातून प्लास्टिकची डबी काढून तिच्यापुढे धरली. आत सिमकार्डांचा ढीग होता. “पाच झाले का सिम बदलायचा. आपल्याला काय फरक पडतोय, मॅडम? उलट गिऱ्हाईक वाढलंय. ज्यांचे बंद पडतात ते पन हिकडंच येतात.” चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि वर फाशी देणाऱ्याचा सत्कार!

ऑफिसात जाऊन तिने अकरा हजारांची यादी उघडली. चार महिन्यांत ती कुणीच उघडली नव्हती. आकडा सगळ्यांना तोंडपाठ होता, माणसं कुणालाच ठाऊक नव्हती. तिने तीस नंबर निवडले आणि एकेकाला फोन लावला. एक आश्रमशाळेचे मास्तर निघाले, मुलांचे अर्ज भरणारे. एक खालापूरकडची अंगणवाडीताई. एक वीटभट्टीवरचा मुकादम, बरोबरच्या मजुरांसाठी धडपडणारा. एक दुकानदार, ज्याच्या फोनवर अख्ख्या पाड्याचे निरोप येत. तीस नंबरांत दलाल एकही नव्हता.

दुपारी ती विभागातल्या साहेबांपुढे उभी राहिली. तिने वाडीतून मागून आणलेली वही टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अकरा हजार दलाल पकडले म्हणून आपण वर कळवलंय. आता ते दलाल नव्हतेच, असं कळवायचं?”

“हो साहेब. तसंच कळवायचं. कारण ते खरं आहे.”

“अहो, एका मुलीसाठी सबंध यंत्रणा बदलत नसतात. प्रस्ताव द्या. समिती बघेल. तीन महिन्यांत काहीतरी होईल.”

“तिची जागा शुक्रवारी जाणार आहे. निदान तिचा अर्ज तरी मोकळा करा. कागदावर सही करा.”

“कागदावर आता काहीच देता येत नाही. सगळं ऑनलाइन आहे. तुम्हीच केलंय ना?”

लोकहो, उंटावरून शेळ्या हाकणारे आपण खूप पाहिले. पण इथे उंटावर बसलेल्यांना खाली शेळ्या आहेत की माणसं आहेत, हेही दिसत नव्हतं! अडवायची सोय फॉर्ममध्ये होती, अडवलेल्याला बोलायची नव्हती. ‘मी चोर नाही’ असं म्हणायला त्या संकेतस्थळावर एक चौकोनसुद्धा ठेवलेला नव्हता. दाद कुणाकडे मागायची, फोन कुणाला करायचा, साधं एखाद्या माणसाचं नाव, काहीही नाही. भिंत बांधताना दार राहून गेलं आणि त्या भिंतीला आपण सुविधा म्हणत राहिलो.

मंगळवार गेला. बुधवारी सुरभी पुन्हा साहेबांकडे गेली. या वेळी तिने पिशवीतून काचेचं सन्मानचिन्ह काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं, सोबत एक पत्र आणि पुन्हा ती वही.

“हे परत करतेय. का करतेय ते पत्रात लिहिलंय, तीस नंबरांसकट. एक प्रत तुम्हाला, एक वर्तमानपत्राला.”

साहेबांनी पत्र वाचलं. मग त्यांनी ती वही पहिल्यांदा हातात घेतली आणि पानं उलटली. “हा खेकडा म्हणजे?” त्यांनी विचारलं. “जनाआजी,” सुरभी म्हणाली. “सत्तरी उलटलीय. तिचाही अर्ज बंद आहे. तीही दलाल आहे, तुमच्या-माझ्या मते.” साहेबांनी चष्मा काढला. माणुसकी जागी झाली की बदनामीची भीती वाटली, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण फाईल हलली. गुरुवारी एक सही झाली, शुक्रवारी सकाळी दुसरी, आणि तिसऱ्या सहीचे अधिकारी बैठकीत होते.

शुक्रवारी सकाळी दहापासून जैतू आणि सुनिता कॉलेजच्या कार्यालयाबाहेर बाकड्यावर बसले होते. सुरभी दर अर्ध्या तासाने कॉलेजच्या कारकुनाला फोन करत होती. कारकून भला माणूस होता. पाचचे सव्वापाच त्याने केले. मग बाहेर येऊन म्हणाला, “बेटा, माझ्या हातात नाही गं,” आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी ऐनाच्या झाडावरचा फोन वाजला. जनाआजी सरपण घेऊन त्या वाटेने येत होती. तिने फोन उघडला. वाचता येत नव्हतं, पण सुनिताचं नाव कसं दिसतं ते तिला ओळखीचं झालं होतं. वही सुरभीकडे होती, म्हणून म्हातारीने कोळशाने बुंध्यावरच विळा काढला, शेजारी टिंब ठेवलं आणि वाडीकडे तोंड करून हाळी दिली. “सुने, तुझं आलं गं! तुझं आलं!”

‘अभिनंदन! आपला दाखला तयार आहे.’

अभिनंदन! कसलं अभिनंदन? एक तास चाळीस मिनिटं उशिरा आलेलं अभिनंदन!

शनिवारी सुरभी एकटीच डोंगर चढून गेली. तिने हात जोडले. सुनिता रडली नाही. तिचा चेहरा कठीण झाला होता, आणि तो तसाच असायला हवा होता.

“ताई, माफी मागून माझी जागा परत येत नाय. मला एवढंच सांगा, फॉर्म बनवताना तुमी कुणाला दाखवला होता?”

“साहेबांना. कंपनीतल्या लोकांना.”

“आमाला नाय दाखवला?”

“नाही.”

“मग आमाला चोर म्हणायच्या आधी निदान इचारायचं तरी. एक प्रश्न टाकायचा फॉर्मात : हा फोन कुणाकुणाचा आहे? आमी खरं सांगितलं असतं. चोवीस नावं लिहून दिली असती.”

एक प्रश्न! लाखो रुपयांचं ते काम, सोळा बैठका, चाळीस पानी अहवाल, आणि हा एक प्रश्न कुणाला सुचला नाही. तो बारावी झालेल्या पोरीला झाडाखाली सुचला, कारण ती झाडाखाली होती. सुरभीने तिथेच बसून वहीतल्या कोऱ्या पानावर तो प्रश्न लिहून घेतला.

पुढे काय झालं? तो नियम गेला. अकरा हजार अर्ज पुन्हा उघडले गेले. अर्ज बंद होण्याआधी आता एका खऱ्या माणसाचा फोन येतो आणि त्या माणसाचं नाव फॉर्मवर छापलेलं असतं. ‘हा फोन कुणाकुणाचा?’ हा प्रश्न आता पहिल्या पानावर आहे. आणि विभागाच्या साहेबांनीच, होय, त्याच साहेबांनी, आदेश काढला की नवा कोणताही फॉर्म कार्यालयात मंजूर होण्याआधी तो भरणाऱ्यांच्या जागी जाऊन भरून बघायचा. पहिली चाचणी ऐनवाडीत ठेवली. साहेब स्वतः आले, वाटेत तीनदा घसरले, आणि मालोजींनी त्यांना एकदाही हात दिला नाही.

झाडाखाली सतरंजी टाकली होती. साहेब म्हणाले, “सुनिता, नव्या फॉर्मवर पहिला अर्ज तुझा.” पुढच्या वर्षाच्या नर्सिंगसाठी तिला आता उत्पन्नाचा दाखला हवा होता. सुनिताने फोन हातात घेतला आणि मान हलवली.

“आधी जनाआजीचा,” ती म्हणाली. “हाळी मी दिलीय. माझा शेवटी.”

सुरभीने मान खाली घातली. त्या दिवशी सव्वीस अर्ज झाले, सव्विसावा सुनिताचा, आणि तो बंद पडला नाही.

नागरिकहो, आता मला स्पष्ट बोलू द्या. फॉर्म म्हणजे सरकारचं तोंड आहे. ते तोंड माणसाशी कसं बोलतं, त्यावर सरकार कसं आहे ते ठरतं. जो फॉर्म गरिबाला आधी संशयित धरतो आणि मग पुरावा मागतो, तो कितीही चकचकीत असला तरी उर्मट आहे. सेवा कुणासाठी करता ते ठाऊक नसेल तर ती करू नका. आधी त्यांच्या दारात जाऊन बसा, त्यांना भरताना बघा, अडले की तुमची चूक समजा. आणि आपणही, अशी ओळ आली की कपाळावर हात मारून गप्प बसू नका. कुणी लिहिली ते विचारा. कुठे ना कुठे ती एखाद्या सुरभीने लिहिलेली असते, आणि तिला ऐनाचं झाड कुणीतरी दाखवावं लागतं.

सुनिता यंदा नर्सिंगला गेली. पण तिचं एक वर्ष गेलं ते गेलंच. ते परत द्यायचं बटण अजून कुठल्याच संकेतस्थळावर नाही.